खिसा, मूठ आणि कॅमेरा

बाजारात भांडे घ्यायला गेलेली बाई भांडे आधी हातात तोलते, बोटाने वाजवून बघते, काठावरून अंगठा फिरवते आणि मग किंमत विचारते. दुकानदाराने कितीही वर्णन केले तरी तिचा भरवसा स्वतःच्या हातावर. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र आपण हे पार विसरलो होतो. २००० नंतरची दहा-बारा वर्षे आठवून पाहा. दुकानात पहिला प्रश्न असायचा, "किती मेगापिक्सल?" आणि दुसरा, "झूम किती?" तो कॅमेरा हातात कसा बसतो, त्याची बटणे न बघता सापडतात का, चार वर्षांनी त्याचे झाकण खुळखुळणार तर नाही ना, हे कोणी विचारत नसे.

पण त्याच काळात काही मोजके कॅमेरे असे निघाले की ते बनवणाऱ्यांनी हाताचा विचार केला होता. आकाराने लहान, पण खेळणे न वाटणारे. महाग, पण धंदेवाईक छायाचित्रकारांसाठी नव्हेत. आज त्यांच्याविषयी लिहायचे आहे. आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे सुरुवात थोडी मागून करते. सवय जात नाही.

लहान पण उत्तम कॅमेरा ही कल्पना ऑस्कर बार्नाक या जर्मन तंत्रज्ञाची. वेट्झलार गावी लाइट्झ नावाचा सूक्ष्मदर्शक बनवणारा कारखाना होता, तिथे तो नोकरीला. त्याला दम्याचा त्रास, आणि फिरायला जाऊन फोटो काढायची हौस. त्या काळचा काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा खांद्यावर घेऊन डोंगर चढणे त्याला झेपेना. १९१३-१४च्या सुमारास त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरून एक छोटा नमुना तयार केला. सिनेमाच्या दोन चौकटी एकत्र करून २४ बाय ३६ मिलिमीटरची एक चौकट त्याने घेतली. मध्ये महायुद्ध आले. शेवटी १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत 'लायका' लोकांसमोर आला. त्याचे भिंग आत ढकलून बसवता येई, म्हणजे कॅमेरा चपटा होऊन खिशात जाई. लक्षात घ्या, लहान कॅमेऱ्याचा जन्म चैनीतून झाला नाही. एका माणसाच्या दुबळ्या छातीची ती गरज होती. शरीराला काय झेपते याचा विचार पहिल्या दिवसापासून या वस्तूत आहे.

दुसरे नाव हाइन्झ वास्के. हा विर्गिन नावाच्या कंपनीत कॅमेऱ्यांची रचना करी. पूर्ण चौकटीचा, पण सिगारेटच्या पाकिटाएवढा कॅमेरा करायचे त्याच्या डोक्यात होते. त्याने फावल्या वेळात त्याचा नमुना बनवला आणि मालकाला दाखवला, तर मालक म्हणाला, आपण कॅमेरे बनवणेच बंद करतो आहोत! दोन मोठ्या कंपन्यांनीही नकार दिला. पुढे तो रोलाय कंपनीत गेला आणि १९६६ साली कोलोनच्या 'फोटोकिना' प्रदर्शनात 'रोलाय ३५' अवतरला. लांबी ९७ मिलिमीटर, उंची ६०, जाडी ३२. एवढ्या जागेत सगळी यंत्रणा बसवायची तर काही गोष्टी उलट्यासुलट्या कराव्याच लागल्या. फिल्म पुढे सरकवायचा खटका डाव्या हाताला, फ्लॅश लावायची जागा चक्क तळाला, आणि भिंग आत घालायचे तर आधी फिल्म पुढे सरकवलेली हवी. नवख्या माणसाची तारांबळ उडे. पण आकडे कोरलेल्या दोन चकत्या भिंगाच्या दोन बाजूंना समोरच होत्या. एकीवर शटरचा वेग, दुसरीवर अपर्चर. कॅमेरा बंद असतानाही तो कसा लावला आहे ते एका नजरेत कळे. हे महत्त्वाचे आहे, यावर पुन्हा येते.

तिसरे नाव जपानचे, ऑलिंपसचे योशिहिसा माइतानी. १९७९ साली त्यांनी 'एक्सए' आणला. त्यांचे म्हणणे साधे होते. कॅमेरा जवळ नसेल तर फोटोच नाही, तेव्हा तो सतत जवळ बाळगता आला पाहिजे. मग वेगळे चामडी कव्हर नको आणि हरवणारे टोपणही नको. एक सरकते झाकण, ते बाजूला केले की भिंग उघडे आणि कॅमेरा तयार. गंमत म्हणजे हा कॅमेरा बाहेरून प्लॅस्टिकचा होता. धातू म्हणजे मजबूत आणि प्लॅस्टिक म्हणजे तकलादू हे आपले समीकरण त्याने खोटे ठरवले. कडा गोल, झाकणाला योग्य तेवढाच घट्टपणा, खटका नुसत्या स्पर्शाने दबणारा. बांधणीचा दर्जा हा कशाचे बनवले यापेक्षा कसे बनवले यात जास्त असतो. आमच्या घरचे सागवानी कपाट आणि शेजारच्यांचे सागवानी कपाट यांत हाच फरक होता. त्यांची दारे दर पावसाळ्यात अडकत.

इथे एक बायकी शंका मांडते. 'खिशात मावणारा कॅमेरा' म्हणतात, पण कुणाच्या खिशात? हे सगळे रचनाकार पुरुष, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे कोटाचा नाहीतर शर्टाचा खिसा. सहावारी साडीला खिसा कुठला? माझ्यासारखीचा कॅमेरा शबनम पिशवीत, चष्म्याची डबी, किल्ल्या, पाण्याची बाटली आणि मुलांच्या वह्या यांच्या संगतीत राहणार. म्हणजे मला आकाराइतकीच मजबुतीची काळजी. किल्ली घासली तर ओरखडा कुठे पडेल, भिंगाचे झाकण आपोआप मिटते की नाही, चुकून बटण दाबले जाऊन भिंग पिशवीतच बाहेर यायला धडपडेल का, हे माझे प्रश्न.

असो. १९९०च्या सुमारास जपानमध्ये श्रीमंती खेळत होती आणि तिची छाया कॅमेऱ्यांवर पडली. १९९० साली क्योसेराने 'कॉन्टॅक्स टी२' काढला, अंग टायटॅनियमचे. १९९३ साली निकॉनचा '३५टीआय' आला, त्याच्या माथ्यावर घड्याळासारखे काटे. १९९६ साली रिकोहचा 'जीआर१' आला, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा, चपटा, उजव्या बाजूला बोटांसाठी जरा फुगीर. माझ्या मते यांतला शेवटचाच खरा हाताचा. बाकीचे बघायला देखणे, पण जीआर एका हाताने वापरता येई. एका हातात छत्री किंवा एसटीची दांडी धरणाऱ्या माणसाला याची किंमत सांगायला नको.

आपल्याकडे तेव्हा काय होते? बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री. एका रोलमध्ये १२ फोटो. त्यात फारसे काही बदलता येत नसे, त्यामुळे बिघडायलाही फारसे काही नव्हते. शाळेच्या सहलीचा एक रोल, म्हणजे वर्षाचे १२ फोटो. मुलांना रांगेत उभे करून "हलू नका रे" म्हणायचे आणि श्वास रोखायचा.

मग डिजिटल आले. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत धडपड होती, आणि ती मला आवडते. १९९९चा निकॉन 'कूलपिक्स ९५०' मॅग्नेशियमचा होता आणि मधोमध पिळता येई. भिंगाचा अर्धा भाग फिरवून कमरेच्या उंचीवरून फोटो घेता येत. फिल्म नाही म्हटल्यावर कॅमेऱ्याचा आकार कसाही असू शकतो, हे त्यांनी ओळखले होते. २००० साली कॅननने 'पॉवरशॉट जी१' आणला, ३३ लाख पिक्सलांचा, आणि तिथून 'जी' मालिका सुरू झाली. २००५ साली रिकोहने 'जीआर डिजिटल' काढला. तोच जुना चपटा देह, तीच मूठ, झूम नाहीच. लोकांनी नाके मुरडली, पण ज्यांना कळले त्यांना कळले. २००८ साली पॅनासॉनिकचा 'एलएक्स३' आला. त्यांनी पिक्सलांच्या शर्यतीतून अंग काढून घेतले आणि जास्त प्रकाश घेणाऱ्या भिंगावर भर दिला. पुढच्याच वर्षी कॅननने 'जी१०'च्या १ कोटी ४७ लाख पिक्सलांवरून 'जी११'मध्ये १ कोटीवर उतरून दाखवले. आकडा कमी करून नवा कॅमेरा विकायचा, याला धैर्य लागते.

याच काळात बांधणीचा एक मोठा धडा मिळाला. तो बाहेरच्या अंगाचा नव्हता, आतल्या तारेचा होता. ऑक्टोबर २००५मध्ये जाहीर झाले की सोनीने २००२ ते २००४ या काळात बनवलेले काही सेन्सर उष्ण आणि दमट हवेत निकामी होतात. आतल्या बारीक तारांची जोडणी सुटे आणि चित्र वेडेवाकडे दिसे, नाहीतर दिसतच नसे. तेच सेन्सर कॅनन, निकॉन, फूजी, ऑलिंपस अशा कितीतरी कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत होते. या कंपन्यांनी ते फुकट दुरुस्त करून दिले हे खरे. पण बघा, बाहेर धातूचे कवच कितीही चकचकीत असो, रत्नागिरीच्या जून महिन्यात टिकेल की नाही हे केसाहून बारीक तारेवर ठरत होते. दुकानात हाताने तोलून हे कळणार नव्हते. भांडे वाजवून पाहायची विद्या इथे अपुरी पडते.

आता माझे थोडे सांगते. २००८ साली मी निवृत्त झाले. शाळेत असतानाच वीरगळांचा नाद लागला होता. गावाबाहेर, देवळामागे, वडाच्या पारावर असलेल्या त्या कोरीव शिळा. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गावोगाव फिरून त्यांचे फोटो आणि टिपणे करायची, असे ठरवले. त्यासाठी २००९ साली कॅननचा 'जी१०' घेतला. मुलगा म्हणत होता, थोडे जास्त घाल आणि भिंगे बदलायचा मोठा कॅमेरा घे. मी म्हटले, तो घरी राहील आणि मी रिकाम्या हाताने गावाला जाईन.

या कामात मला मुठीचे आणि चकत्यांचे महत्त्व कळले. वीरगळ काळ्या दगडाचा. कॅमेऱ्याला वाटते समोर अंधार आहे, म्हणून तो प्रकाश वाढवतो आणि दगड राखाडी, पसरट दिसतो. तेव्हा उजेड मुद्दाम कमी करायला सांगावे लागते. बहुतेक कॅमेऱ्यांत यासाठी पडद्यावरच्या यादीत शिरा, खाली जा, डावीकडे जा, असा खटाटोप असे. आणि आपल्या दुपारच्या उन्हात तो पडदा दिसत नाही ते वेगळेच. जी१०च्या माथ्यावर डाव्या बाजूला यासाठी स्वतंत्र चकती आहे. कट्‌ कट्‌ असे दोन खटके ऐकले की काम झाले. चकतीला धार आहे, खाचा आहेत, आणि ती पिशवीत आपोआप फिरत नाही एवढी घट्ट आहे. उजवीकडे प्रकाशसंवेदनेची दुसरी चकती. मघाशी रोलायच्या चकत्यांबद्दल बोलले ते हेच. चालू न करताही कॅमेरा काय करणार आहे ते कळते.

दुसरी गोष्ट व्ह्यूफाइंडर. जी१०चा काही फार चांगला नाही, दृश्याचा कडेचा भाग त्यात दिसतच नाही. पण त्याला डोळा लावला की कॅमेरा कपाळाला टेकतो, कोपरे बरगड्यांना टेकतात आणि हात स्थिर होतो. आता माझी सत्तरी उलटली आहे. उजव्या अंगठ्याच्या सांध्यात दुखते आणि बोटे किंचित थरथरतात. फोन हात लांब करून धरला की तो थरथर दाखवतो. आतली यंत्रणा ती बरीचशी सावरून घेते, मान्य आहे. पण कपाळाचा आधार मिळाला की मुळात थरथरच कमी होते, हा फरक आहे.

२०१० साली एका गावी देवळामागे तीन वीरगळ होते. एकावर गाईंचा कळप कोरलेला. म्हणजे गुरे पळवणाऱ्यांशी लढताना पडलेला वीर. मी दुसऱ्याच कामाला गेले होते, जी१० नेहमीप्रमाणे पिशवीत होता. सूर्य उतरत होता, तिरप्या उजेडात कोरीव काम उठून दिसत होते. पंधरा-वीस मिनिटांत फोटो घेतले. काही वर्षांनी देवळाचा जीर्णोद्धार झाला. आता मागे फरशी घातली आहे आणि शिळा कुठे गेल्या ते गावात कोणाला सांगता येत नाही. एका म्हाताऱ्या बाबांनी भरावात गेल्या असतील म्हणून सांगितले. त्या गुराख्याची एवढीच खूण आता उरली आहे. मोठा कॅमेरा घेतला असता तर त्या दिवशी तो कपाटात असता. माइतानींचे म्हणणे मला पुस्तकातून नव्हे, इथे पटले.

पुढचा इतिहास लवकर आटोपते. सप्टेंबर २०१०मध्ये फूजीने 'एक्स१००' जाहीर केला. वरून-खालून मॅग्नेशियम, शटरच्या वेगाची चकती, भिंगाभोवती अपर्चरची कडी. जणू ४० वर्षांपूर्वीचा कॅमेरा, पण आत मोठा डिजिटल सेन्सर. मार्च २०११मध्ये तो बाजारात येतो न येतो तोच जपानला भूकंप आणि त्सुनामीने गाठले आणि त्याचे उत्पादन काही काळ थांबले. २०१२ साली सोनीचा 'आरएक्स१००' आला. एवढ्या लहान देहात एवढा मोठा सेन्सर तोवर कोणी बसवला नव्हता. सर्व बाजूंनी अल्युमिनियम, अवघा २४० ग्रॅम. पण त्याला मूठ नाही! गुळगुळीत साबणाची वडी. शेवटी कंपनीनेच वरून चिकटवायची मूठ वेगळी विकायला काढली. देखणेपणापुढे हाताला विसरले की असे होते. पुढच्याच वर्षी रिकोहने 'जीआर'मध्ये मोठा सेन्सर घातला आणि देह तोच जुना ठेवला, मुठीसकट.

मग फोनने सगळे गिळले. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाहेर पडले. त्यांतले १० कोटींहून अधिक न बदलणाऱ्या भिंगाचे, म्हणजे आपले लहान कॅमेरे. २०२३ साली या लहानांची संख्या सुमारे १७ लाख होती. गिरणगावाची आठवण यावी अशी ही पडझड. गंमत अशी की स्वस्तातले जवळजवळ सगळे संपले आणि उरले ते हे महाग, मुठीचे, चकत्यांचे. २०२४ साली 'एक्स१००'चा सहावा अवतार आला तेव्हा लोक महिनोन्‌महिने वाट बघत थांबले. ज्यांनी फोनशिवाय दुसरा कॅमेरा पाहिला नाही अशी मुले चकती फिरवायला पैसे मोजू लागली. मला यात नुसती फॅशन दिसत नाही. हाताला काम हवे असते.

पण एक दुखणे सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. १९६६चा रोलाय आजही एखादा जुना कारागीर उघडून साफ करू शकतो. तांब्याच्या हंड्याला कल्हई लावावी तसे ते आहे, वस्तू पिढ्यान्‌पिढ्या चालते. डिजिटल कॅमेऱ्याचे तसे नाही. भिंग आत-बाहेर करताना तो भात्यासारखी हवा ओढतो आणि हवेबरोबर आपल्या पठारावरची धूळ. भिंग काढता येत नाही, म्हणून आतल्या सेन्सरवर बसलेला कण पुसायचा तर सगळा कॅमेरा सोडवावा लागतो. माझ्या मुलाचा एक कॅमेरा, नाव सांगत नाही, अंगावर एक ओरखडा नसताना कायमचा बंद पडला. दुरुस्ती करणारा म्हणाला, आतली चपटी केबल गेली आहे, ती आता मिळत नाही. देह ठणठणीत आणि प्राण गेलेला. म्हणजे या कॅमेऱ्यांना धातूचे कवच दिले ते ५० वर्षे टिकणारे आणि आतडी दिली ती दहा-बारा वर्षांची. जुन्या अर्थाने पाहिले तर ही मजबुती अर्धीच म्हणायची.

तरीही मी या कॅमेऱ्यांना नावे ठेवणार नाही. चांगली बांधणी वस्तूला अमर करत नाही, पण तोवर काम करणाऱ्याचा आणि कामाचा मान राखते. खटक्याचा नेमका अर्धा दाब, चकतीचा आवाज, बोटाला सापडणारी खाच, या गोष्टी ज्याने जुळवल्या त्याने माझ्या हाताची कल्पना केली होती. मला न ओळखताच. शाळेत खडू चांगला असला की फळ्यावरचे अक्षर सुधारते, हे कुठल्याही मास्तराला विचारा.

लेख लांबला. शेवटी दोन कामाच्या गोष्टी. तुमच्या घरी असा एखादा जुना कॅमेरा पडून असेल तर त्याची बॅटरी काढून वेगळी ठेवा. त्याला चामडी कव्हरात कोंडू नका, ओल धरते आणि भिंगाला बुरशी लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. महिन्यातून एकदा बाहेर काढा, बॅटरी घाला, चकत्या फिरवा, चार फोटो घ्या. आणि दुसरी गोष्ट, गावाकडे गेलात आणि देवळामागे कोरीव शिळा दिसली तर जो कॅमेरा जवळ असेल त्याने फोटो घ्या, फोन असला तरी चालेल. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे असताना. आणि गावाचे नाव व तारीख तिथल्या तिथे लिहून ठेवा.